पहिला चीक

"...मग दोष कुणाचा म्हणायचा, बुवा? गाईचा की वळूचा?"

विश्वंभराने हातातली वही पुढे केली. मठाच्या गोठ्यातल्या जनावरांची तीन पिढ्यांची वंशावळ तीत होती. कोणती कालवड कोणत्या वळूची, कुणाची शिंगं कशी, कुणाचा स्वभाव मारका... सगळं मोत्यासारख्या अक्षरात. मांजरेकाठच्या त्या मठात एवढा शिकलेला शिष्य आजवर आला नव्हता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

नृसिंहबुवांनी वही घेतली नाही.

"किती वासरं गेली?"

"मी गोठा हातात घेतल्यापासून, दोन वर्षांत पाच. पाचव्या-सहाव्या दिवशी पांढरी हगवण लागते. मग मान टाकतात."

"हं..."

"आज पहाटे भिंगरी व्यालीय. कालवड झालीय. मागचं गेलं, हीही जाणार. भिंगरीच्या रक्तातच खोट आहे, बुवा. मायलेकींना बाजार दाखवू द्या, म्हणजे उरलेला वंश तरी शुद्ध राहील."

"भिंगरीचं एकही जगलं नाही?"

विश्वंभर घुटमळला.

"पहिलं जगलं. पण ते मी धरत नाही."

"का?"

"तेव्हा ती रानात व्याली होती. माणसं पोचेपर्यंत वासरू पोटभर प्यालं होतं. चीक उष्टा झाला. देवाला चालला नाही."

"त्याचा वळू कोणता?"

"...तोच."

बुवांची नजर गोठ्याकडे वळली.

मठाचा नेम जुना होता. गाय व्याली की पहिल्या दिवसाचा सगळा चीक देवाचा. त्याचा खरवस व्हायचा, दुपारी नैवेद्य दाखवायचा, मग पंगत. तोवर वासराचं तोंड कासेला लागता कामा नये. त्याला वेगळं बांधून गूळपाणी पाजायचं. आईपाशी सोडायचं ते दुसऱ्या दिवशी.

गोठ्याच्या दाराशी सोजराबाई शेणाची पाटी घेऊन उभी होती. तीस वर्षं ती हाच गोठा झाडत होती.

"सोजरे," बुवा म्हणाले, "तुला काय वाटतं?"

बाईने पाटी खाली ठेवली.

"म्या काय सांगू, बुवा? पयल्या दिसाला प्यालं तर प्यालं. मागनं बादलीभर पाजा, त्येचा गुन येत न्हाई. आदी आमी चोरून लावायचो कासंला. उलीसं पिऊ द्यायचो, मग बांधायचो. हे दादा आल्यापासून नेम लई कडक झाला. राती गोठ्याला कुलूप आसतंय."

विश्वंभराचा चेहरा उतरला.

"दोन वर्षं बोलली का नाहीस?" त्याने विचारलं.

"इचारलं कुनी?"

बुवा उठले. पूजेचं सोवळं नेसलेले होते, तसेच गोठ्यात शिरले. कालवड कोपऱ्यात दावणीला पडून होती. पलीकडे भिंगरी दावं ताणून हंबरत होती. तिच्या कासेखाली सोवळ्यात घासलेली, धार काढायची कासंडी मांडून ठेवलेली.

बुवांनी कालवडीचं दावं सोडलं.

"बुवा! चीक काढायचाय अजून. पंगतीला माणसं यायला लागतील..."

कालवडीला उभं राहवेना. पाय थरथरत होते. बुवा शेणामुतात बसले, तिला छातीशी धरून उचललं आणि तिचं तोंड कासेला लावलं. दोनदा ते निसटलं. तिसऱ्यांदा तिने आचळ धरलं. भिंगरी मागे वळून तिची पाठ चाटू लागली.

फक्त चुरूचुरू पिण्याचा आवाज येत होता.

"विश्वंभरा," बुवा म्हणाले, "आईनं नऊ महिने पोटात सगळं दिलं. हाड दिलं, कातडं दिलं, तुझ्या वहीतली शिंगं दिली. एकच गोष्ट बाहेर आल्यावर द्यायची म्हणून राखून ठेवली... रोगाशी झुंजायचं बळ. ते मी तीस वर्षं खात आलो. आवडीनं. वेलदोडा घालून."

विश्वंभराने वही कधी मिटली, ते त्यालाही कळलं नाही. ती पाच वासरं त्याने स्वतःच्या हाताने बांधली होती. प्रत्येक गाठ पक्की बसली की नाही, हे दोनदा ओढून पाहिलं होतं. तो मटकन खाली बसला आणि रडू लागला.

बुवांनी त्याला रडू दिलं.

देवळात घंटा झाली. नैवेद्याच्या तयारीची वेळ झाली होती.

विश्वंभराने डोळे पुसले. उभं राहून, खाली मान घालून त्याने विचारलं, "बुवा... देवापुढं आज काय ठेवू?"

"रिकामी वाटी ठेव," बुवा म्हणाले. "इतकी सोवळी ती कधीच नव्हती."