डाव्या हाताचा आशीर्वाद

“आणि जखमा? त्याच्या जखमांचं काय होतं?” शिमोन पाळकांनी विचारलं.

नहेम्या अशाच प्रश्नाची वाट बघत होता. ईस्टरला चर्चमध्ये उपदेश कोणी करायचा ते पाळक ठरवणार होते, आणि तो पाऊण तास त्यांच्या ओट्यावर बसून आपला उपदेश वाचून दाखवत होता. बापाने आकाशातून धाडलेला एकुलता एक मुलगा. चारचौघांत राहतो, कोणी ओळखत नाही. शहरासाठी मरतो, पुन्हा उठतो. अख्खं तारण एका सुपरहिरोच्या सिनेमात होतं. दिसायला फक्त नहेम्याचे डोळे हवे होते.

“क्षणात भरतात, पाळकसाहेब! डागसुद्धा राहत नाही.”

“आपल्या प्रभूचे राहिले. शंका घेणाऱ्या थोमाला दाखवले त्याने.”

“तेवढा फरक असणारच. आजकालच्या पोरांना समजेल असं बोलावं लागतं.”

“बरं... शेवट काय करतोस?”

“शेवटी माझी साक्ष.”

ही साक्ष मंडळीला तोंडपाठ होती. तरी नहेम्याने ती उभं राहून सांगितली.

“सहा वर्षांचा होतो. नाताळची सजावट चालली होती. व्यासपीठावरचा लाल कपडा गळ्यात बांधला, चर्चच्या माडीवर चढलो, डोळे गच्च मिटले आणि घेतली उडी! डोळे उघडले तर चटईवर. अंगावर ओरखडा नाही. आई म्हणाली, देवदूताने झेललं. त्या दिवसापासून मला ठाऊक आहे, तारणारा वरून येतो.”

पाळकांच्या पत्नी मार्थाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. पाळकांचा कप त्यांनी नेहमीसारखा डाव्या बाजूला ठेवला.

“त्या देवदूताला मिशी होती,” त्या म्हणाल्या.

“मार्था...”

“खालीच उभा होता, कागदाचे तारे चिकटवत.”

“मार्था, पुरे.”

“वीस वर्षं पुरेच केलं की! खांदा निखळला, कोपर मोडलं. गावाला काय सांगितलं, तर शिडीवरून पडलो. पाळक असून धडधडीत खोटं. याच्या आईलाही शपथ घातली. का, तर पोराच्या मनाला लागेल.”

त्या आत गेल्या. आत भांडं जरा जोरातच आपटलं.

नहेम्या खाली बसला. पाळकांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर होता, कुणीतरी ठेवायला दिलेल्या वस्तूसारखा. हा हात खांद्याच्या वर जात नाही, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. का जात नाही, हे कधी विचारलं नव्हतं.

विचारलं नव्हतं, पण बोलला मात्र होता. गेल्याच महिन्यात, स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, याच ओट्यावर.

“राग मानू नका, पाळकसाहेब. डाव्या हाताने आशीर्वाद... लोकांना बरं वाटत नाही. आणि फोटोत कायमचं राहतं ते.”

आशीर्वादापुरते शेजारच्या गावचे पाळक आणले होते. त्यांनी उजवा हात छान उंच धरला. फोटो झकास आले. शिमोन पाळक तिसऱ्या बाकावर बसून सगळ्यांत मोठ्याने गात होते.

चहावर साय धरली.

“तुम्ही एकदा तरी... मला सांगायचं होतं.”

“काय सांगायचं? शिडीवरून पडलो मी.”

नहेम्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने उपदेशाच्या कागदांची घडी केली, घडीची घडी केली, आणि कुठे लपवावी ते न कळून मुठीत धरली. मग ओट्यावरून खाली उतरला, अंगणातल्या मातीत गुडघे टेकले. वर बघायची सोयच उरली नव्हती.

“ईस्टरचा उपदेश दुसऱ्या कुणाला द्या,” तो मातीकडे बघत म्हणाला. “मला फक्त आशीर्वाद द्या.”

पाळक ओट्याच्या कडेला सरकले.

“कोणत्या हाताने देऊ?”