भिवराबाईचं ऊन

आमच्या आजोबांना ही गोष्ट ज्यांनी सांगितली, त्यांनीही ती म्हाताऱ्यांकडूनच ऐकली होती. म्हणजे किती वर्षं झाली, ते तुम्हीच धरा. त्या काळी खडकमाळ गावातून नदीवर जायला कोसभराची एकच वाट होती आणि दोन्ही अंगांना आंबेच आंबे होते. गावात विहिरीला पाणी लागत नव्हतं. बायका त्याच सावलीतून घागरी भरून आणायच्या.

मग आंब्यांना भिरूड लागली. भिरूड म्हणजे बोटाएवढी जाड अळी. ती खोडात शिरते आणि झाड आतून पोखरते. बुंध्याशी भुसा पडायला लागला, फांद्या वाळल्या, आणि दोन पावसाळ्यांत सगळी रांग सरपणाला गेली. आंब्याशिवाय वाट कसली, म्हणून गावाने पुन्हा आंबेच लावले. ते घराएवढे झाले न झाले तोच पुन्हा भुसा पडला. माणसाला ठेच लागली की तो शहाणा होतो म्हणतात. आमचं गाव दोन ठेचा खाऊनही झालं नाही.

त्या बोडक्या वाटेवर चैत्रात झेलू पडली. डोक्यावर भरलेली घागर होती. माणसं धावली, पण पोर उन्हानं गेली होती. तिची आई भिवराबाई विधवा, आणि पोटी एवढी एकच लेक. भिवराबाई रडली नाही. चौदाव्या दिवशी ती वाटेवर गेली आणि वठत चाललेल्या एकेका खोडाला कान लावत चालली. असं म्हणतात, की आतल्या अळ्या तिच्याशी बोलल्या. म्हणाल्या, एका घरून उठलं की शेजारी तेच ताट वाढलेलं असतं, मग आम्ही का जावं?

पारावर गाव तिसऱ्यांदा आंब्याच्या कोया निवडत बसलं होतं. भिवराबाई पुढे झाली.

"पाटील, तुमचं देवक कंचं?"

देवक म्हणजे लग्नाआधी मांडवात पुजायचं घराण्याचं झाड.

"कळंब," पाटील म्हणाले.

"एका देवकात सोयरीक करता का?"

"न्हाई. पाप लागतं."

"मग एकाच देवकाची झाडं खांद्याला खांदा लावून का उभी करता? ज्याचं जे देवक, ते त्यानं लावावं. शेजाऱ्याचं अन् आपलं एकच निघालं, तर एकानं जागा बदलावी."

"अन् तुझं देवक?"

"आंबा," ती म्हणाली. "माझी झेलू पडली तिथं लावीन. एकच. भिरूड कुठवर जाते ते तरी कळंल."

तिच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. कळंब लागला, जांभूळ लागली, वड, बेल, आपटा, शमी लागली. असं म्हणतात, की बारा उन्हाळे भिवराबाई एकाच घागरीतून कोसभर झाडांना पाणी घालायची आणि घागर रिकामी होत नसे.

तेराव्या वर्षी तिच्या आंब्याखाली भुसा दिसला. त्या झाडाशी ती लेकीशी बोलावं तशी बोलायची. लोक कळवळले, पण करणार काय? आंबा वाळला. मग सारं गाव जीव मुठीत धरून शेजारच्या जांभळीकडे बघत राहिलं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. जांभळीखाली भुसा पडला नाही, पलीकडच्या कळंबाखालीही नाही. तेव्हा कुठे भिवराबाई रडली. पोटभर रडली.

पाटलांनी त्या जागी नवं रोप आणलं, तर तिने हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या. ऊन काय असतं ते इसरू नका." त्याच साली ती गेली.

आजही खडकमाळात नवी सून आली की आधी तिच्या माहेरचं देवक वाटेवर लावतात आणि पहिली घागर भिवराबाईच्या नावाने ओततात. गावात आता नळ आहे, तरी वाट एकदाही उजाड झालेली नाही. फक्त आंब्याची ती दहा पावलांची जागा उघडी आहे. तिला भिवराबाईचं ऊन म्हणतात. तिथे आलं की सुना डोक्यावरचा पदर खाली घेतात, पाटलाच्या घरचे पागोटं काढतात, आणि तेवढी दहा पावलं सगळे उघड्या डोक्याने सावकाश चालतात.