बेलिफ आणि खंबू पक्षी

एकदा एका बेलिफाला वकील व्हावेसे वाटले. वाटण्यात गैर काहीच नव्हते. बेलिफ म्हणजे न्यायालयाचा निरोप्या. समन्स घेऊन गावोगाव हिंडायचे, ज्याच्या नावाचे असेल त्याच्या हाती द्यायचे, सही घ्यायची आणि परत येऊन अहवाल लिहायचा. या बेलिफाचे आडनाव बिडवे. वय त्रेचाळीस, नोकरी एकोणीस वर्षांची, आणि पदवी मुक्त विद्यापीठाची, नोकरी सांभाळून मिळवलेली. ज्याला समन्स द्यावे तो हमखास विचारी, "आता मी काय करू?" उत्तर ठाऊक असूनही बिडव्यांना गप्प राहावे लागे, कारण सल्ला देणे हे बेलिफाचे काम नव्हे. हे गप्प राहणे त्यांना सलत होते.

विधी महाविद्यालयात जायचे तर आधी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. ती बिडव्यांनी दोनदा दिली आणि दोन्ही वेळा प्रवेश हुकला. तिसऱ्या वर्षी वरिष्ठांनी संध्याकाळच्या महाविद्यालयासाठी लेखी परवानगी दिली खरी, पण देताना निक्षून बजावले, की या वर्षी जमले तर जमले, पुढच्या वर्षी हा कागद माझ्यासमोर आणायचा नाही. साहेब बोलल्याप्रमाणे वागणारे होते. म्हणजे ही शेवटचीच संधी होती.

आता गंमत अशी, की बिडव्यांचे घोडे अडत होते ते नेमके कायद्याच्या प्रश्नांपाशी. इंग्रजी बरे होते, सामान्य ज्ञान चांगले होते. कायद्याच्या विभागात मात्र चाळीसपैकी सोळा-सतरा गुणांच्या वर गाडी सरकत नव्हती. रविवारच्या शिकवणीला येणारी बावीस-तेवीस वर्षांची मुले त्यांना काका म्हणत आणि कोर्टात खरोखर काय चालते ते त्यांच्याकडून हौसेने ऐकून घेत. काका रंगात येऊन सांगत. मग सराव परीक्षा होई, मुलांना बत्तीस-चौतीस पडत आणि काका निकालाची घडी घालून खिशात ठेवत.

परीक्षेला आठ दिवस उरले तेव्हा बिडव्यांनी हात टेकले आणि ते एका निवृत्त न्यायाधीशांकडे गेले. हे वृद्ध गृहस्थ कधीकाळी त्याच तालुक्याच्या न्यायालयात होते आणि निवृत्तीनंतर तिथेच घर बांधून राहिले होते. मोजके बोलत, त्यामुळे लोक त्यांना थोडे भीतच. बिडव्यांनी सगळी हकिगत सांगितली. वृद्धांनी सरावाची प्रश्नपत्रिका आणि तिची उत्तरे मागून घेतली, कायद्याचे पहिले वीस प्रश्न शांतपणे तपासले आणि सांगितले, "वीसपैकी आठ. हा तिसरा प्रश्न मोठ्याने वाचा."

बिडव्यांनी वाचला. अशा परीक्षेत आधी एक नियम दिलेला असतो, मग एक घटना, आणि तो नियम त्या घटनेला लावून उत्तर द्यायचे असते. इथे नियम असा होता, की घरमालकाच्या परवानगीवाचून भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकला तर भाडेकरार त्याच क्षणी संपतो. घटना अशी, की एका भाडेकरूने देवाची तसबीर लावायला न विचारता एकच खिळा ठोकला. तर करार संपला काय? बिडव्यांनी उत्तर दिले होते, संपला नाही.

"का?" वृद्धांनी विचारले.

"साहेब, खिळ्यासाठी कुणी घर खाली केलंय का कधी? भाड्याचे दावे वीस-वीस वर्षं चालतात. मी स्वतः बजावणीला गेलोय. आणि देवाची तसबीर म्हटल्यावर कोणता जज्ज भाडेकरूला बाहेर काढील?"

बिडव्यांनी बरोबर आणलेली सरावाची तिन्ही जाडजूड पुस्तके वृद्धांनी त्या प्रश्नपत्रिकेसकट उचलली, कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले. उद्या संध्याकाळी रिकाम्या हाताने या, असे सांगून ते आत निघून गेले.

बिडवे घरी आले ते धुमसतच. आठ दिवस राहिलेले, त्यातला एक गेला आणि पुस्तकेही गेली. पत्नीने वाढलेले ताट त्यांनी तसेच परत सरकवले. उद्या जाऊन पुस्तके तेवढी मागून आणावी आणि नमस्कार करावा, असे त्यांनी मनाशी ठरवले.

दुसऱ्या दिवशी वृद्धांनी त्यांच्यापुढे हाताने लिहिलेले चार कागद ठेवले. मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि सांगितले, वीस प्रश्न, वीस मिनिटे. बिडव्यांनी पहिला प्रश्न वाचला आणि त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढले. नियम होता: खंबू पक्षी दुसऱ्या खंबूच्या ढोलीत राहत असता त्याला न विचारता ढोलीला चोच मारील, तर ढोलीवरचा त्याचा हक्क त्याच क्षणी संपतो. घटना: एका खंबूने आपले लाडके पीस अडकवायला न विचारता एकदाच चोच मारली. त्याचा हक्क संपला काय? पुढच्या प्रश्नांत निळ्या डोंगरावरचे बुटके होते, पाण्याखालचा बाजार होता, तीन शेपट्यांची मांजरे होती. जिल्ह्यात दरारा असलेला माणूस आणि त्याने असल्या बाळबोध गोष्टी लिहाव्यात? आपली थट्टाच चालली आहे असे बिडव्यांना वाटले. उठून जावे असेही वाटले. पण समोर घड्याळाचा काटा सरकत होता आणि वृद्धांचा चेहरा निकालपत्र वाचताना असावा तितका गंभीर होता. तशा चेहऱ्यासमोरून उठण्याची एकोणीस वर्षांत सवय लागली नव्हती. बिडवे रागारागाने लिहीत सुटले.

वीस मिनिटे झाली. वृद्धांनी लाल पेन घेतले. पेन कागदावर फिरत असताना बिडवे पंख्याकडे पाहत राहिले, कारण दुसरीकडे कुठे पाहावे ते सुचत नव्हते. शेवटी वृद्धांनी आकडा लिहून कागद पुढे सरकवला. वीसपैकी एकोणीस.

मग कपाट उघडून त्यांनी कालची प्रश्नपत्रिका आणली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. बिडव्यांनी पाहिले. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. प्रश्न तेच होते. खंबू म्हणजे भाडेकरू, ढोली म्हणजे घर, चोच म्हणजे खिळा. विसाच्या विसही प्रश्नांत नियम तोच, घटना तीच, फक्त नावे बदललेली. काल त्यातले आठ बरोबर आले होते.

तेव्हा वृद्ध बोलले.

"बिडवे, खंबू पक्ष्याला तुम्ही ओळखत नव्हता. म्हणून त्याची हकिगत तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलीत. भाडेकरूला ओळखता, म्हणून त्याला तोंडच उघडू दिलं नाहीत. त्याच्याऐवजी तुम्हीच बोललात. तुम्हाला माहिती आहे हे वाईट नाही. ती पहिली बोलायला उठते, एवढंच वाईट आहे."

बिडव्यांनी चाचरत विचारले, "पण साहेब, नियमच अन्यायाचा असेल तर?"

"तर वकील व्हा आणि त्याच्याशी भांडा. पण तो काय म्हणतोय हे आधी कळू द्या. न वाचलेल्या नियमाशी भांडणारे पुष्कळ पाहिलेत मी."

वृद्धांनी लाल पेनाला टोपण लावले. पुढचे बोलावे की नाही याचा विचार करत असावेत. मग त्यांनी सांगितले, की एकदा त्यांच्यापुढे एक माणूस चोरीच्या आरोपाखाली तिसऱ्यांदा उभा राहिला. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनीच त्याला शिक्षा दिली होती. साक्षी चालू असतानाच निकाल त्यांच्या डोक्यात तयार होता. एका साक्षीदाराने मधेच एक वाक्य उच्चारले, की चोरीच्या वेळी हा आरोपी माझ्या शेजारी दवाखान्यात बसला होता. अपिलात वरच्या न्यायालयाने ते वाक्य शोधून काढले आणि माणूस सुटला. तोवर सात महिने आत राहून झाले होते.

"ते वाक्य माझ्याच हस्ताक्षरात होतं," वृद्ध म्हणाले. "मी लिहून घेतलं होतं. ऐकलं नव्हतं."

बिडव्यांना त्या वृद्धाची कीव आली नाही, धास्ती वाटली. इतक्या मोठ्या माणसाचे असे होत असेल तर आपले काय, हा विचार त्यांना घरापर्यंत पुरला.

एका संध्याकाळी सगळे साधले असे मात्र झाले नाही. गोष्टीत होते, माणसात होत नाही. पुस्तके परत मिळाली आणि पुढचे सहा दिवस बिडवे रोज वृद्धांसमोर वीस प्रश्न सोडवत. तेरा आले, पंधरा आले, आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी धाडकन दहावर आले. त्या दिवशी प्रश्न वाटण्यांचे आणि बांधांचे होते, आणि असले दावे बिडव्यांना तोंडपाठ होते. ते अगदी रडकुंडीला आले. वृद्धांनी धीर वगैरे दिला नाही. दहाच्या दहा चुकांपुढे "इथे कोण बोलले?" एवढेच लिहून कागद परत दिला.

परीक्षेचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी होते. संगणकांच्या रांगा, गार हवा आणि पडद्याच्या कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ. पहिले प्रश्न सुरळीत गेले. मग एक प्रश्न आला आणि बिडव्यांचा हात माऊसवर थिजला.

नियम असा होता, की सामाईक विहिरीवर ज्याच्या पाण्याची पाळी असेल तो ठरल्या वेळी हजर नसल्यास, कारण काहीही असो, पाळी दुसऱ्या हिस्सेदाराकडे जाते. घटना दोन भावांची होती. धाकट्याची पाळी होती, पण बायकोला दवाखान्यात न्यावे लागल्याने तो आला नाही, आणि थोरल्याने पाणी आपल्याकडे वळवले. थोरल्याने योग्य केले काय?

बिडव्यांच्या पत्नीच्या पहिल्या बाळंतपणात त्यांच्या थोरल्या भावाने नेमके हेच केले होते. शेत करपले होते, आणि दोघा भावांत आजही बोलणे नव्हते. योग्य केले? माणूस दवाखान्यात असताना? बाण आपोआप 'नाही'वर जाऊन उभा राहिला. बोट दाबायचेच काय ते बाकी होते. घड्याळ पळत होते, शेजारची मुलगी भराभर पुढे चालली होती.

बिडव्यांनी माऊसवरून हात काढून मांडीवर ठेवला. त्यांनी प्रश्न पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचला, जणू हे दोन भाऊ कुठल्या परमुलखातले आहेत आणि त्यांची विहीर आपण कधी पाहिलेली नाही. 'कारण काहीही असो' हे तीन शब्द आधी त्यांच्या नजरेतून सुटले होते, ते आता दिसले. त्यांनी 'होय'वर बोट दाबले. दाबताना डोळ्यांत पाणी आले, ते बाहीने पुसून त्यांनी पुढचा प्रश्न उघडला.

निकाल लागला. कायद्याच्या विभागात चाळीसपैकी तेहतीस. संध्याकाळच्या महाविद्यालयाच्या यादीत नाव आले, खालून चौथे का होईना, पण आले. वृद्धांना पेढे नेले तर त्यांनी अर्धाच खाल्ला आणि तास कधी सुरू होतात ते विचारले.

दुसऱ्या दिवशी बिडवे नेहमीप्रमाणे पाच समन्स घेऊन निघाले. पहिले एका वाडीवरच्या साठीच्या बाईंच्या नावाचे होते. बिडव्यांनी नाव विचारले, कोर्टाचा कागद आहे म्हणून सांगितले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले आणि काही न बोलता दार लोटून घेतले.

यापुढचे काम बिडव्यांच्या हाताला पाठ होते. पिशवीतून डिंक काढायचा, दोन शेजाऱ्यांना साक्षीला बोलवायचे, समन्सची प्रत दारावर चिकटवायची आणि अहवालात लिहायचे, 'घेण्यास नकार दिला.' दार लोटून घेणारी माणसे नकारच देतात, हे त्यांना एकोणीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. डिंकाची बाटली हातात आलीही होती. तिचे बूच उघडता उघडता ते थांबले. बाईंनी नकार दिला होता? त्या तर एक शब्दही बोलल्या नव्हत्या.

ते ओट्यावर उभे राहिले. दोन मिनिटे गेली, पाच गेली. आतून भांडी सरकल्याचा, पेटी उघडल्याचा आवाज येत होता. उन्हाने डोके तापले. मग दार उघडले. बाईंच्या नाकावर एका काडीचा चष्मा होता, दुसऱ्या बाजूला दोरा बांधलेला.

"चष्मा गावंना," त्या म्हणाल्या. "वाचल्याबिगार सही करायची न्हाई, असं लेकीनं बजावलंय. आणा हिकडं."

बाई ओट्यावर बसल्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत कागद वाचू लागल्या. बिडवे डिंकाची बाटली हातात धरून उभे होते. आजवर आपण किती दारांवर कागद चिकटवले आणि आत किती माणसे चष्मा शोधत होती, हे त्यांना मोजता येईना. त्यांना फार लाज वाटली. बाईंनी वाचून संपवले, तारखेवर बोट ठेवून ती पुन्हा एकदा विचारून घेतली आणि सही केली.

उरलेली चार समन्स एरवी दुपारपर्यंत संपत. त्या दिवशी बिडव्यांना परतायला संध्याकाळ झाली.