डुबकीचं डबकं भरेना

एक होतं छोटं गाव.
गाव वाढलं. भराभरा वाढलं.
काल शेत, आज इमारत. काल पायवाट, आज गल्ली.
गावाचं झालं मोठ्ठं शहर!

त्या शहरात होती एक नवीकोरी गल्ली. तिचं नाव जांभूळ गल्ली.
गल्लीत होता एक नळ. सगळे तिथे पाणी भरायचे. थोडं सांडायचे.
सांडलेल्या पाण्याचं झालं डबकं. डबक्यात राहायची एक बेडकी.
एवढीश्शी! जांभळाएवढी! तिचं नाव डुबकी.
डुबकीला नुकतेच पाय फुटले होते. तिच्या धाकट्या भावंडांना अजून शेपट्याच होत्या.
ती भावंडं पाण्यातच राहायची. इकडे सुळ्ळ! तिकडे सुळ्ळ!

एके दिवशी नळ आलाच नाही.
शकूमावशी घागर घेऊन आल्या. नळ फिरवला. खर्रर्र! नुसती हवा!
"आता कुणाला सांगावं बाई?" शकूमावशी म्हणाल्या. रिकामी घागर घेऊन परत गेल्या.
ऊन तापलं. डबकं आटलं. एवढं होतं, एवढुसं झालं.
"ताई, ताई, पाणी संपलं!" भावंडं रडू लागली.
"रडू नका रे. मी आहे ना!" डुबकी म्हणाली.

डुबकीने वर पाहिलं.
"नळदादा, नळदादा, पाणी सोड!
डबकं भरेना,
भावंडं पोहेनात!"
नळ म्हणाला, "मी कसं सोडू? पाईप मला पाणी देईना. जा, पाईपला सांग."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. डुबकी गेली पाईपकडे.
"पाईपदादा, पाईपदादा, पाणी दे!
नळ येईना,
डबकं भरेना,
भावंडं पोहेनात!"
पाईप म्हणाला, "मी कसं देऊ? अंगावर बसलाय मातीचा ढीग. झालोय पोळीसारखा चपटा! जा, ढिगाला सांग."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. डुबकी चढली ढिगावर.
"ढिगोबा, ढिगोबा, बाजूला हो!
पाईप फुगेना,
नळ येईना,
डबकं भरेना,
भावंडं पोहेनात!"
ढीग म्हणाला, "मी कसा होऊ? मला पाय कुठे आहेत? नवी इमारत बांधली, माती इथे टाकली. डंपर मला नेईना. जा, डंपरवाल्या बशीरचाचांना सांग."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कोपऱ्यावर डंपर उभा. बशीरचाचा चहा पीत होते. फुर्रर्र!
"बशीरचाचा, बशीरचाचा, डंपर काढा!
ढीग हलेना,
पाईप फुगेना,
नळ येईना,
डबकं भरेना,
भावंडं पोहेनात!"
बशीरचाचा म्हणाले, "कसा काढू, बेटा? गल्लीच्या तोंडाशी केवढा खड्डा! चाक रुतलं म्हणजे? जा, खड्ड्याला सांग."

टुणुक टुणुक, टुणुक… धप्प!
डुबकी पडली की खड्ड्यात!
"खड्डेराव, खड्डेराव, बुजून जा!
डंपर निघेना,
ढीग हलेना,
पाईप फुगेना,
नळ येईना,
डबकं भरेना,
भावंडं पोहेनात!"
खड्डा म्हणाला, "मी कसा बुजू? मला काय हौस आहे होय उघडं पडायची? खडी टाकायला हवी. वरून रोलर फिरायला हवा. जा, रोलरवाल्या दगडूमामांना सांग."

डुबकी कशीबशी वर आली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.
कडुलिंबाखाली रोलर. रोलरवर दगडूमामा.
"दगडूमामा, दगडूमामा, रोलर फिरवा!
खड्डा बुजेना,
डंपर निघेना,
ढीग हलेना,
पाईप फुगेना,
नळ येईना,
डबकं भरेना,
भावंडं पोहेनात!"
दगडूमामा म्हणाले, "कसा फिरवू, पोरी? रोलर महापालिकेचा. ओहोळ मॅडमनी सांगितलं तर फिरवीन. त्या इंजिनिअर आहेत. जा, त्यांना सांग."

टुणुक… टुणुक… ऊन केवढं! डुबकीचं अंग सुकलं. पाय दुखले.
पण डुबकी थांबली नाही. टुणुक… टुणुक…
आलं महापालिकेचं ऑफिस!
तिथे होती रांग. डुबकीही रांगेत उभी राहिली. पुढे एक चप्पल. मागे एक बूट.
चप्पल सरकली. डुबकी सरकली. बूट सरकला.
झाला डुबकीचा नंबर! टुणुक! ती चढली टेबलावर.
"मॅडम, मॅडम, दगडूमामांना सांगा!
रोलर फिरेना,
खड्डा बुजेना,
डंपर निघेना,
ढीग हलेना,
पाईप फुगेना,
नळ येईना,
डबकं भरेना,
भावंडं पोहेनात!"

ओहोळ मॅडमनी चष्मा वर केला.
"अगंबाई! किती दमलीस!" त्यांनी बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं. डुबकीला आत बसवलं.
"कुठली गं तू?"
"जांभूळ गल्लीतली."
"जांभूळ गल्ली? ती कुठे आली?" मॅडम म्हणाल्या. "शहर किती भराभरा वाढलं! ही गल्ली मी पाहिलीच नाही. बघितल्याशिवाय कसं सांगू? कोण दाखवेल मला?"

आता आली का पंचाईत! शिपाई बघतो चप्पलवाल्याकडे. चप्पलवाला बघतो बूटवाल्याकडे.
"मी!" डुबकी ओरडली. "मी दाखवते! आत्ता दाखवते! चला!"
मॅडम हसल्या. "चल तर मग!"

मॅडम बसल्या स्कूटरवर. डुबकी पुढे, झाकणात. घुर्रर्र!
"इकडे वळा! आता तिकडे! सांभाळा हं, खड्डा!"
आली जांभूळ गल्ली.
मॅडमनी खड्डा पाहिला. ढीग पाहिला. शकूमावशींची रिकामी घागर पाहिली.
मग वाकून डबकं पाहिलं. चिखलात शेपट्या वळवळत होत्या. अगदी हळू.
"अरेरे! चुकलंच आमचं!" मॅडम म्हणाल्या. लगेच फोन लावला. "दगडूमामा, खडी घ्या आणि लवकर या!"

मॅडमनी सांगितलं, रोलर फिरला. गडगड गडगड!
रोलर फिरला, खड्डा बुजला. "हुश्श! आता झोपतो," खड्डा म्हणाला.
खड्डा बुजला, डंपर निघाला. घर्रर्र!
"या, चाचा, या! येऊ द्या, येऊ द्या!" सगळी गल्ली ओरडली.
डंपर निघाला. माणसं आली फावडी घेऊन. ढीग हलला. खर्र खर्र!
ढीग हलला, पाईप फुगला. फुस्स… पॉक!
पाईप फुगला, आणि नळ… नळ…
खोक! खोक! खळ्ळ! धो धो धो!
"नळ आला! नळ आला!"

सगळे धावले. बादल्या आल्या, कळश्या आल्या, घागरी आल्या.
शकूमावशींची घागर भरली सर्वांत आधी. पण त्यांनी ती उचलून घरी नेली नाही.
"थांबा गं सगळ्या," त्या म्हणाल्या. "पहिली घागर डुबकीची!"
आणि त्यांनी ती डबक्यात ओतली. बद बद बद बद!

डबकं भरलं. भावंडं पोहली. इकडे सुळ्ळ! तिकडे सुळ्ळ!
डुबकीने मारली उडी. डुबुक!
पाणी उडालं थेट मॅडमच्या चष्म्यावर. मॅडम खुदकन हसल्या.
"चला," त्या म्हणाल्या, "पलीकडे अजून एक नवी गल्ली दिसतेय. तिकडेही जाऊन बघते."
आणि स्कूटर निघाली. घुर्रर्र!

बादली भरली, घागर भरली,
डुबकीची गोष्ट इथेच सरली.