चिमाने मागितलेली सावली

पांघरुणं घ्या अंगावर. लाथा मारायच्या नाहीत. हं, तर एकदा काय झालं, एक डोंगरमुलूख होता आणि तिथल्या वाटा रोज जागा बदलायच्या. काल ओढ्याकडे जाणारी वाट आज कड्यावर जायची. मेल्या खोडकर! तिथे चिमा नावाची म्हातारी एकटी राहायची. नवरा देवाघरी गेलेला, आणि एकुलती एक लेक गोकुळा तीन डोंगरांपलीकडे दिलेली.

मग लेकीने माहेरी यायचं कसं? तर चिमा थंडीत अंगणभर दवणा पेरायची. चैत्रात तो असा घमघमायचा की तीन डोंगर ओलांडून वास जायचा. त्या वासामागे गोकुळा चालत यायची, आठ दिवस राहायची आणि परत जायची. मग वर्षभर चिमाची भाकरी एक, वाटी एक. चुलीशी बोलून बोलून माणूस किती बोलणार?

मग तिने पोपट पाळला. तो उडून गेला. मग ती ओढ्यातल्या आपल्याच तोंडाशी बोलू लागली. तर ओढाच आटला. मग उरली कोण? तिची स्वतःची सावली. पण तीही दुपारी पायाखाली दडायची आणि दिवस मावळला की निघून जायची.

अंगणाच्या कडेला जुना हिरडा होता. त्याच्या खोडाला टेकून चिमा म्हणाली, "बाबा रे, मला सावली दे. सोडून न जाणारी."

तिला हवी होती सोबत, बरं का. पण हिरडा पडला झाड. झाडाला सावली म्हटलं की एकच अर्थ ठाऊक! दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच्या फांद्या अख्ख्या अंगणावर पसरलेल्या, आणि खाली गार, दाट सावली. आणि ती सावली चक्क बोलली, "चिमाबाई, जेवलीस का?"

किती दिवसांनी कुणीतरी विचारलं हो! चिमा पदराने डोळे पुसत हसली.

मग काय, दिवसभर दोघींच्या गप्पा. पावसाळ्यात अंगणातली ब्राह्मी गारव्याने चहूकडे पसरली. आंबेहळदीची पानं चांगली हातभर झाली. थंडीत दवणा पेरला, तर तोही सरसर कमरेला लागला. चिमाला वाटलं, यंदा काय पीक आलंय! गप्पांच्या नादात पान चुरडून बघायचं काही तिला सुचलं नाही. नुसती उंची बघून हुरळली. तुमची आईसुद्धा तुम्हाला दाराला टेकवून मोजते आणि हुरळते, तसंच.

चैत्र आला. गोकुळा आली नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मग म्हाळू धनगर मेंढरं घेऊन आला. तो चालायचा मेंढरांमागे आणि मेंढरं गवतामागे, त्यांना वाट लागतेच कशाला?

म्हाळू म्हणाला, "म्हातारे, तिसऱ्या डोंगरावर एक लेकुरवाळी बसलीया. वारं हुंगतीया आन् रडतीया. चल म्हनलं तर म्हनती, आईचा दवना आल्याबिगर पाऊल टाकायची न्हाय."

चिमाने धावत जाऊन दवण्याचं पान चुरडलं. वास नाही! नुसता पाला!

"आगं, ह्याला सावलीत का घातलास?" म्हाळू म्हणाला. "ब्राम्हीला गारवा मानवतो. दवन्याचं डोस्कं उन्हात तापलं, तरच अंगात वास उतरतो."

स्वतः जाऊन लेकीला आणावं म्हटलं, तर चिमाच्या गुडघ्यांना एक डोंगरही झेपला नसता. मग ती सावलीला म्हणाली, "बाई गं, तू आता जा."

"गेले तर मला पुन्हा बोलता यायचं नाही," सावली म्हणाली. "आणि इतक्या उशिरा वास आलाच नाही तर? लेकही नाही आणि मीही नाही."

"ठाऊक आहे मला. पण माझी पोर तिकडे रडतेय. तू मागच्या अंगाला जा. ब्राह्मी आणि आंबेहळद तिकडे लावते, त्यांना तू हवीस."

हिरड्याने फांद्या आवरल्या. अंगणात रखरखीत ऊन पडलं.

पहिल्या दिवशी दवण्याने माना टाकल्या. दुसऱ्या दिवशी उंच, लुसलुशीत शेंडे वाळून गेले. चिमा उन्हात बसून राहिली. मध्येच काहीतरी सांगायला ती वळायची आणि गप्प व्हायची. इतकं एकटं तिला कधीच वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बुंध्याशी बारीक, राखी पानं फुटली. एक चुरडलं, तर बोटाला किंचित वास. दुपारपर्यंत अंगण घमघमलं.

आणि चौथ्या दिवशी काखेत बाळ घेऊन गोकुळा धावतच आली. आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, वास आला नाही गं. मला वाटलं, तू गेलीस."

एकटेपणाचं दुःख फक्त आपल्यालाच, असं चिमा आजवर समजत होती. तिने नात छातीशी धरली आणि पोटभर रडली.

यंदा गोकुळा आठ दिवसांऐवजी महिनाभर राहिली. सावली परत कधी बोलली नाही, पण मागच्या अंगाला ब्राह्मी मजेत राहिली, पुढे दवणा मजेत राहिला, आणि मायलेकीही सुखात राहिल्या. झाली गोष्ट. आता डोळे मिटा. कोण खुसखुसतंय ते? झोपा म्हटलं ना!