शेपट्यांचा रकाना

युरोपातल्या तीन शेजारी देशांना एकच नदी पुरत होती, त्या काळची ही गोष्ट. मी तिथं नव्हतो. खुद्द नदीनंच मला सांगितली, म्हणजे खरीच असणार.

त्या नदीत चपट्या शेपटीचे, लाकडांचे बांध घालणारे बीव्हर राहत. कुठले बीव्हर परोपकारात पुढं, याची तुलना करायला एक करकोचा वही घेऊन निघाला. पहिल्या देशात त्याला चाळीस संस्था सापडल्या. दुसऱ्यात राजाच्या अनुदानावर चालणाऱ्या दहा. तिसऱ्यात मार्टा नावाची म्हातारी बीव्हर फांदी कुरतडत बसली होती.

"आजीबाई, तुमच्या संस्था किती?"

"एकही नाही रे बाबा. कुणी पाण्यावर शेपटी आपटली की आम्ही धावतो."

"म्हणजे शून्य!" करकोच्यानं चोच वर करून लिहिलं.

त्याच आठवड्यात पूर आला. करकोच्याची तीन पिल्लं ज्या झाडावर होती, त्याची मुळं उघडी पडली. तो पहिल्या देशात धावला. "बुधवारी बैठक आहे, ठराव मांडू." दुसऱ्यात म्हणाले, "राजाचा हुकूम येऊ दे."

शेवटी तो मार्टाकडे आला. तिनं काही विचारलं नाही. फाडकन शेपटी आपटली. तिचे शेजारी ओंडके घेऊन धावले आणि तेही शेपट्या आपटू लागले. तो आवाज सीमा ओलांडून गेला आणि ठराव मांडणाऱ्या अध्यक्षांनीसुद्धा, खुर्च्या टाकून, पाण्यात उड्या घेतल्या! तिन्ही देशांनी मिळून झाडाभोवती असा बांध घातला की पूरच वळसा घालून गेला.

"आता काय लिहिणार, साहेब?" मार्टानं विचारलं.

करकोच्यानं वहीत नवा रकाना आखला, 'शेपट्या'. तिन्ही देशांपुढं त्यानं एकच शब्द लिहिला: 'सगळ्या'.