सगुणाबाईच्या खोट्या व्रताची कहाणी

ऐका बायांनो, मांडी घालून बसा, पोरींनाही जवळ घ्या. आटपाट म्हणावं असं एक गाव होतं. वेशीपाशी देवीचं देऊळ होतं. देवळाचं गुरवपण सगुणाबाईच्या घरी होतं. पाळी होती तोवर महिन्याचे चार दिवस ती बाजूला बसे. पन्नाशीला पाळी गेली. मग काय विचारता! देवीचं न्हाणं, देवीची वेणी, देवीचा नैवेद्य, सगळं तिच्या हाती आलं. बाई सुखावली.

पाच वर्षं गेली. नवरात्रात पुरण वाटताना लुगड्याला डाग दिसला. ह्या वयात विटाळ? बोलावं तर लोक हसतील. न बोलता शिवावं तर देवी कोपेल. मग तिनं काय केलं? घरच्यांना म्हणाली, "मी एकांताचं व्रत घेतलंय. मला कुणी शिवायचं नाही. कारण विचारायचं नाही." मागच्या पडवीत घोंगडी टाकली, ताट वेगळं घेतलं, दार ओढून घेतलं.

चार दिवस झाले, न्हाली. डाग पुन्हा आला. पुन्हा चार दिवस बसली, पुन्हा न्हाली, पुन्हा आला. व्रत काही सरेना.

नवरा आला. "अगं, तुझ्यावाचून घर खायला उठतं, ये ना आत." ती म्हणाली, "माझं व्रत आहे." भाऊ आला. "ताई, भाऊबीजेला ओवाळशील ना?" ती म्हणाली, "माझं व्रत आहे." सून चंपा आली. "आत्याबाई, आमच्यात जेवायला बसा." तिलाही तेच सांगितलं. मग कुणी विचारीनासं झालं. गावात मात्र नाव झालं. बायका येत, लांबूनच पाया पडत, जात. सगुणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं होई. पाया पडणाऱ्या एवढ्या, पण जवळ बसणारी एक नाही. एकटी जेवे, एकटी कापडं धुवे, भिंतीपलीकडचं हसणं ऐकून एकटीच रडे.

मग संक्रांतीला कासारीण आली. कासारणीला कसलं व्रत नि कसली शिवाशिव? हात धरल्याशिवाय बांगडी चढत नाही. दार ढकलून आत आली, सगुणाबाईचा हात ओढून मांडीवर घेतला. "बाई गं, हात पांढराफटक पडलाय. रक्त जातंय का तुझं?"

चार महिन्यांत पहिल्यांदा कुणी शिवलं होतं. सगुणाबाईला हुंदका आवरेना. सगळं सांगितलं.

कासारीण म्हणाली, "पाळी जाऊन वर्ष उलटलं की मग थेंब दिसला तरी ती पाळी नव्हे. ते दुखणं. तालुक्याला बायकांची डॉक्टरीण आहे, तिच्याकडं जा. आणि एक वसा घे." "कसला वसा?" "अंगाचं दुखणं लपवू नये. एकीला तरी सांगावं. ऐकणारीनं हसू नये, गावभर करू नये, हात धरून दवाखान्यात न्यावं." "पूजेला काय लागतं?" "काही लागत नाही. तोंड उघडायचं."

कुणी म्हणतं, ती देवीच होती. मला विचाराल तर कासारीणच. देवीनं चार महिन्यांत एकदा तरी विचारलं होतं का?

मग सगुणाबाईनं दार उघडलं. सुनेला हाक मारली, सांगितलं. दोघी तालुक्याला गेल्या. डॉक्टरणीनं तपासलं, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला. तपासणीचं उत्तर आल्यावर म्हणाली, "गर्भपिशवीचा कर्करोग आहे. पिशवीबाहेर गेलेला दिसत नाही. पिशवी काढू. आणखी लपवलं असतंत तर कठीण होतं." ऑपरेशन झालं. बाई वाचली.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच चंपा सासूची वेणी घालत होती. मध्येच हात थांबला. "आत्याबाई, दिवाळीपासून मलाही... नवऱ्याजवळ गेलं की रक्त जातं."

"अगं मेले, बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? तुमचं व्रत होतं."

सगुणाबाई उठून बसली. अर्धी वेणी तशीच ठेवली, टाक्यांवर हात धरून खाटेवरून उतरली, सुनेचा हात धरला आणि डॉक्टरणीच्या दाराशी रांगेत जाऊन उभी राहिली.

सगुणाबाईला कासारीण भेटली, चंपेला सासू भेटली, तशी तुम्हांआम्हांला कुणीतरी भेटो. न भेटली तर आपण कुणाची तरी कासारीण व्हावं. साठ जणींनी गिळलेली कहाणी पाच जणींच्या तोंडी आली, सुफळ झाली.